पेस्ट कंट्रोल करूनही महिन्याभरात झुरळं परत का येतात?

पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला की आठ-दहा दिवस घर शांत असतं. सकाळी ओट्याखाली पाच-सहा झुरळं उताणी पडलेली मिळतात, ती केरात जातात, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मग पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावावा, तर शेगडीखालून तांदळाच्या कणीएवढं काळपट काहीतरी तुरुतुरु पळतं. एक नाही, चार. 'औषधात पाणी घातलं होतं' असा निकाल घरात लगेच लागतो. कधी ते खरंही असेल, पण बहुतेक वेळा औषधाने आपलं काम केलेलं असतं. मेलेली झुरळं मेलीच. ही नवी पिलावळ आहे, आणि ती येणार हे फवारणीच्या दिवशीच ठरलेलं होतं.

आधी घरात कोण राहतंय ते ओळखायला हवं. आपल्याकडच्या शहरी घरांत मुख्यतः दोन जाती दिसतात. पहिलं मोठं, तांबूस तपकिरी, सुमारे ४ सेंटीमीटर लांब, डोक्यामागच्या ढालीला पिवळसर कड असलेलं आणि उकाड्यात कधीकधी अंगावर उडत येणारं. हे अमेरिकन झुरळ. त्याचं खरं घर म्हणजे गटार आणि ड्रेनेजचं चेंबर. आपल्या मोरीत ते फिरायला येतं. दुसरं लहान, जेमतेम दीड सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी, ढालीवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या. पंख असून हे उडत नाही. हे जर्मन झुरळ, आणि ट्रॉल्यांमध्ये, फ्रिजमागे, मिक्सरच्या बुडाशी संसार थाटणारं ते हेच. नावावर जाऊ नका. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७६७ मध्ये 'जर्मन' असं बारसं केलं खरं, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, एका आशियाई झुरळापासून वेगळी झाली. म्हणजे पाहुणा परदेशी नाहीच, इथलाच आहे.

हा फरक केवळ माहितीसाठी नाही. मोठ्या झुरळाचा बंदोबस्त पाइप आणि जाळीचा असतो, लहानाचा जेल (फटीशी ठिपके लावायचं विषारी आमिष) आणि फटींचा. मोरीत येणाऱ्या मोठ्या झुरळासाठी ट्रॉलीत जेल लावून घेणं हा पैशांचा अपव्यय आहे, आणि ट्रॉलीतल्या पिल्लांसाठी मोरीत फवारा मारणं हाही.

अंड्यांच्या पुडीचा हिशेब

जर्मन झुरळाची मादी अंडी कुठेही टाकून देत नाही. तपकिरी रंगाची, ६ ते ९ मिलिमीटर लांबीची एक पुडी ती पोटाच्या टोकाशी धरून हिंडते. त्या एका पुडीत ३० ते ४० अंडी असतात. उष्णतेप्रमाणे तीन ते चार आठवड्यांत ती उबतात आणि फुटायच्या एखादा दिवस आधीपर्यंत पुडी मादीजवळच राहते. या काळात मादी खोल फटीत बसून असते आणि फारच कमी खाते. सगळी मेख इथे आहे. जेल खाल्ल्याशिवाय काम करत नाही, आणि ही बाई खायला बाहेर येतच नाही. फवारा फटीच्या तोंडाशी राहतो. शिवाय पुडीचं कवच आतल्या अंड्यांना औषधापासून बऱ्यापैकी वाचवतं.

आता साधा हिशेब करा. घरात शंभर झुरळं होती, त्यातली पंचाण्णव मेली. उरलेल्या पाचही पुडीवाल्या माद्या निघाल्या, तर महिन्याभरात दीडशेच्या वर पिल्लं. ती साधारण दोन महिन्यांत मोठी होतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर. एक मादी आयुष्यात चार ते आठ पुड्या घालते. म्हणून एका दिवसाचं पेस्ट कंट्रोल असं काही नसतं. जे करायचं ते तीन महिन्यांच्या बेताने करावं लागतं: पहिला हात आज मोठ्यांसाठी, दुसरा तीन-चार आठवड्यांनी नुकत्या फुटलेल्या पिल्लांसाठी, तिसरा साधारण दोन महिन्यांनी, वाचलेली पिल्लं वयात येऊन नवी पुडी धरण्याच्या आत.

अमेरिकन झुरळाचं सगळं संथ आहे. त्याच्या पुडीत पंधराच्या आसपास अंडी असतात, मादी ती आडबाजूला चिकटवून निघून जाते आणि पिल्लू मोठं व्हायला सहा महिने ते वर्षभर, कधी जास्तही लागतं. घरात अचानक दहा मोठी झुरळं दिसली तर ती घरात जन्मलेली नसतात. कुठूनतरी वाट मोकळी झालेली असते.

पहिल्या रात्री काही साफ करू नका

झुरळं दिसली की फिनेल घेऊन ओटा घासायला सुटण्याची सवय चांगली आहे, पण एक रात्र थांबा. जर्मन झुरळाची विष्ठा म्हणजे मिरपुडीसारखे काळे ठिपके. या ठिपक्यांच्या वासाने इतर झुरळं तिथे जमतात. म्हणजे ठिपके हा त्यांचा पत्ता आहे, आणि तो पुसायच्या आधी वाचायला हवा.

दिवे मालवल्यावर तास-दोन तासांनी मोबाइलचा टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात या. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून तिच्या पट्ट्यांच्या खाचा बघा. बिजागऱ्यांच्या मागे बघा. सिंकचं भांडं ग्रॅनाइटला जिथे चिकटवलंय तिथे खालून बघा. फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घड्या, मागे कॉम्प्रेसर, शेगडी उलटी करून तिचं बूड, मिक्सरखालची जाळी, पाण्याच्या फिल्टरची मागची बाजू, भिंतीवरचं घड्याळ. मोटर किंवा सर्किट असलेली वस्तू उबदार असते, म्हणून तिथे गर्दी जास्त. जिथे ठिपके दाट दिसतील तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा.

त्याच रात्री पाच-सहा चिकट सापळे ठेवा. झुरळ मोकळ्या जागेतून कमी आणि कडेला अंग घासत जास्त चालतं, त्यामुळे सापळा कोपऱ्यात भिंतीला टेकवूनच ठेवायचा. मधोमध ठेवलेला सापळा रिकामा राहतो आणि घरात झुरळंच नाहीत असा गैरसमज होतो. सापळे शक्यतो ट्रॉलीच्या आत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवा, नाहीतर पाल अडकते. अडकलीच, तर खाण्याच्या तेलाचे थेंब सोडले की गोंद सुटतो. सात रात्रींनी मोजणी करा. एका सापळ्यात बारीक पिल्लं जास्त सापडली तर वस्ती तिथून हातभर अंतरावर आहे असं समजा, कारण नुकती फुटलेली पिल्लं लांब जात नाहीत.

आता साफसफाई. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून ठिपके पुसा. कोरडा झाडू मारू नका. झुरळांची विष्ठा आणि कातीचा भुगा हवेत उडतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. झुरळं मेल्यावरही हा भुगा घरात महिनोन्‌महिने राहतो, म्हणून ओलं पुसणं औषधाइतकंच गरजेचं आहे.

जेल लावताना होणाऱ्या चुका

दुकानात मिळणाऱ्या पिचकारीतल्या जेलमध्ये बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. पहिली आणि सर्रास चूक म्हणजे टूथपेस्टसारखी लांब रेघ ओढणं. ठिपका मसुरीच्या दाण्याएवढा, साधारण ०.१ ग्रॅमचा पुरतो. एका ग्रॅममध्ये असे दहा. नेहमीच्या दहा-बारा ट्रॉल्यांच्या स्वयंपाकघरात चाळीसेक ठिपके लागतात, म्हणजे ४ ग्रॅम. अख्खी पिचकारी एका बसणीत संपली, तर ठिपके फार मोठे झाले किंवा चुकीच्या जागी गेले. मोठ्या गोळ्याला वरून साय धरते आणि तो वाया जातो. संख्या वाढवा, आकार नाही.

ठिपका खूण केलेल्या जागीच, फटीच्या तोंडाशी. उघड्या प्लायवूडवर लावला तर लाकूड ओल शोषून घेतं, म्हणून आधी चिकटपट्टीचा छोटा तुकडा आणि त्यावर ठिपका. नंतर काढायलाही सोपं. फडकं रोज फिरतं तिथे, बर्नरच्या झळेत किंवा डब्यांच्या तोंडाशी लावू नका.

जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, आणि ते बरंच आहे. ते फटीत परत जातं, तिथे विष्ठा टाकतं, तिथेच मरतं. पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात आणि झुरळं मेलेल्यांनाही सोडत नाहीत. असं विष बाहेर न पडणाऱ्यांपर्यंत पोचतं. फवारा हे करू शकत नाही.

उलट फवारा जेलचं नुकसान करतो. घरगुती स्प्रेमधल्या औषधांचा झुरळांना उग्र वाटणारा थर ज्या जागी बसतो, ती जागा ती टाळतात. तुम्ही जेल लावलं आणि चार दिवसांनी एक झुरळ दिसलं म्हणून त्याच ट्रॉलीत स्प्रे मारला, की जेलकडे कोणी फिरकत नाही आणि वस्ती आणखी आत, नाहीतर शेजाऱ्यांकडे सरकते. मोरीत आलेल्या एकट्या मोठ्या झुरळासाठी स्प्रे ठीक आहे. स्वयंपाकघरात जेल असेपर्यंत त्याला हात लावू नका. आणि शेगडी पेटलेली असताना तर मुळीच नाही, डब्यातला दाबाचा वायू पेट घेतो.

तीन रात्री जेल जसंच्या तसं आहे आणि सापळ्यात मात्र झुरळं पडताहेत, असं झालं तर जेल बदला. यामागे एक भारी गोष्ट आहे. अमेरिकेत फ्लोरिडात १९९० च्या सुमाराला गोड आमिषाकडे पाठ फिरवणारी जर्मन झुरळं सापडली. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या झुरळांच्या जिभेला, म्हणजे तोंडाशी असलेल्या चव घेणाऱ्या केसांना, ग्लुकोज कडू लागतं. गोड खाणारी मेली, गोड न खाणारी उरली, आणि पुढची पिढी त्यांची झाली. म्हणून दर दोन-तीन खेपांनी जेल बदलायचं, आणि वेष्टनावरचं नाव वाचून आमिष आणि औषध दोन्ही वेगळं असलेलं घ्यायचं. 

पाणी आणि रुपयाचं नाणं

अन्नाशिवाय, नुसत्या पाण्यावर जर्मन झुरळ महिनाभर काढतं. अन्न आणि पाणी दोन्ही नसेल तर दोन आठवड्यांत संपतं. त्यामुळे ओटा चकाचक पण ओला, हे झुरळाच्या सोयीचंच आहे. रात्री सिंक कोरडं पुसा. स्पंज आणि ओटापुसणं पिळून वाळत घाला. फ्रिजमागचा पाणी साठण्याचा ट्रे महिन्यातून एकदा बाहेर काढून धुवा. बऱ्याच घरांत तो असतो हेच माहीत नसतं. माठाखालची ओल, कुंड्यांच्या ताटल्या, सिंकखाली थेंब-थेंब गळणारा जोड, हे सगळे त्यांचे पाणवठे. कामाला बाई सकाळी येत असतील आणि भांडी रात्रभर पडून राहत असतील, तर शितं खरवडून टाका आणि भांडी साबणाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा.

फटी मोजायला खिशातलं नाणं पुरतं. मोठं जर्मन झुरळ दीड मिलिमीटरच्या फटीत शिरतं, आणि सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याची जाडी जवळपास तेवढीच आहे. जिथे नाणं कडेने आत सरकतं ती फट बुजवायची. टाइल आणि ओट्याच्या सांध्यात व्हाइट सिमेंट, सिंकच्या कडेला सिलिकॉन, पाइपभोवती एमसील. अंगठा जाईल एवढं भोक असेल तर आधी स्टीलच्या तारेची घासणी घट्ट कोंबा, मग वरून सिमेंट. नुसतं सिमेंट पोकळीत टिकत नाही, वाळलं की तडकून पडतं. गॅसच्या पाइपभोवतीची फट बुजवली तरी चालेल, पण वायुविजनासाठी ठेवलेली मोकळी जागा किंवा झरोका कधीच बंद करू नका, त्याला बारीक जाळी लावा.

सगळ्यात दुर्लक्षित भोक सिंकखाली असतं. घडीचा वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसता सोडून दिलेला असतो आणि त्याच्या भोवती बोटभर जागा उघडी. मोठ्या झुरळांसाठी तो जिनाच आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची रबरी रिंग मिळते, दहा मिनिटांचं काम.

बाथरूमचं गणित वेगळं. तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम थांबलेलं असतं आणि ते गटाराचा वास आणि झुरळ दोन्ही अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम, गॅलरीतली मोरी, वॉशिंग मशीनजवळची जाळी वापरात नसेल तर मे महिन्यात हे पाणी आटतं आणि दार उघडं पडतं. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही. वर झाकणाची कॉक्रोच जाळी बसवा, पण ती काढून दर पंधरा दिवसांनी केस-गुंतवळ साफ करावी लागते. कंटाळून लोक जाळी उघडीच ठेवतात, मग ती असून नसल्यासारखी.

घरगुती उपायांचं खरं-खोटं

बोरिक पावडर, तीच कॅरमवर टाकतात ती, खरोखर काम करते. झुरळ तिच्यावरून चालतं, अंग आणि मिशा चाटतं आणि काही दिवसांत मरतं. अट एवढीच की थर दिसेल न दिसेल इतका पातळ हवा. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. ओल लागली की पावडरीचे खडे होतात आणि ती निकामी होते. कणीक-साखर-बोरिकच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस चालतात, मग दगड होतात. लहान मूल रांगत असेल तर दोन्ही नको.

डांबर गोळ्या सिंकच्या जाळीत टाकण्याचा रिवाज मात्र सोडावा. झुरळावर परिणाम नगण्य, आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्याच्या संपर्काने फुटू शकतात. तमालपत्र, लवंग यांनी फार तर एखादी फट दोन दिवस टाळली जाते. काकडीची सालं ठेवणं म्हणजे जेवण वाढणं.

आणि धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या, ज्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्या राहत्या घरात झुरळांसाठी, ढेकणांसाठी, उंदरांसाठी, कशासाठीही आणू नयेत. तो वायू फटीतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो. त्यावर उतारा नाही.

सोसायटीत एकट्याने लढताना

एकावर एक असलेल्या घरांची स्वयंपाकघरं एकाच डक्टला लागून असतात. तिसऱ्या मजल्यावर फवारणी झाली की चौथ्यावर आणि दुसऱ्यावर गर्दी वाढते. त्यामुळे त्या उभ्या रांगेतल्या घरांनी एकाच आठवड्यात जेल लावून घेणं आणि चेंबर, डक्टचं काम पावसाळ्याआधी, मे महिन्यात उरकणं फायद्याचं. पावसात गटारं भरली की मोठी झुरळं वर चढतातच.

ठेकेदार ठरवताना 'हर्बल' आणि 'बिनवासाचं' या शब्दांवर भुलू नका. जेलला वास नसतो याचा अर्थ ते पाल्यापासून केलंय असा होत नाही. विचारायचं ते हे: औषधाचं नाव काय, कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवता का, तीस आणि साठ दिवसांनी येणार का, फवारा आणि जेल एकाच ट्रॉलीत मारणार नाही ना. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरात माशांची टाकी असेल तर ती झाका आणि हवेचा पंप बंद करा. ही औषधं माशांना फार लवकर मारतात.

तीन महिन्यांनी पुन्हा सापळे ठेवून सात रात्रींची मोजणी करा. सगळे रिकामे आले तरी दोन सापळे, एक सिंकखाली आणि एक फ्रिजमागे, कायम राहू द्या. त्यावर पेनाने तारीख घाला आणि दर दोन महिन्यांनी बदला. कारण पुढची झुरळं आता बाहेरून येणार: किराण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, अंड्यांच्या ट्रेमधून, कांद्या-बटाट्याच्या गोणपाटातून, जुन्या बाजारातून घेतलेल्या फ्रिजमधून. खोकं दारातच रिकामं करा आणि त्याच दिवशी बाहेर टाका. जुना फ्रिज घरात घेण्याआधी त्याचं दाराचं रबर ओढून मागे टॉर्च मारा, मिरपूड दिसली तर तो दुकानातच राहू द्या.